सातव्या हेडमास्तरांची हजेरी

रोहन, ती खिडकी ओढून घे बघू. खाली कोर्टावर पोरं बास्केटबॉल आपटतायत, आणि आज मला तो टप-टप आवाज नको आहे. हां, झालं. आता अमेय, तू मघाशी काय म्हणालास ते परत म्हण. हसू नकोस, परत म्हण. "सिस्टीम रिकामी जागा घेत नव्हती, मग डमी म्हणून मी माझंच नाव टाकून दिलं." असंच म्हणालास ना?

बरं. खिचडी घ्या अजून. गार्गी, तूच आण गं आतून, माझे गुडघे आज संपावर आहेत. सुलेखाकाकूनं पातेलंभर करून ठेवली आहे आणि ती गेली आहे देवळात. चारी प्रहरांची पूजा आटोपल्याशिवाय ती काही येत नाही. महाशिवरात्रीचं जागरण तुम्हाला माझ्याकडे करायचंय, पत्ते खेळायचे नाहीत, आणि आल्यापासून "काका, भुताची गोष्ट, काका, भुताची गोष्ट" असं टुमणं लावलंय. अरे, मी सिंगापुरात येऊन तुआसच्या शिपयार्डात अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या पोटात शिरून काढली. माझा विश्वास यंत्रांच्या ग्रीसवर होता, भुतांवर नव्हता. त्यामुळे गोष्टबिष्ट मला येत नाही. घडलेलं सांगतो. ज्याच्या बाबतीत घडलं तो इथंच राहायचा, बुकित बातोकच्या याच ब्लॉकमध्ये, याच अकराव्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडच्या दारात.

सारंग त्याचं नाव. तुम्ही कुणी त्याला पाहिलेलं नाही, तुम्ही सगळे त्याच्या नंतर आलात. पुण्याचा पोरगा, पस्तिशीचा, एका कंपनीत लोकांच्या वेबसाइट बांधायचा. बायको राधिका बँकेत. मुलगी इरा, तेव्हा सात वर्षांची. शाळेतून आली की आधी आमच्या दारात. "आजोबा, यू वॉक सो स्लो लाह," असं म्हणत माझं बोट धरून मला लिफ्टपर्यंत ओढायची. आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीत आहे. ते असो.

तर मागच्या वर्षी, दोन हजार पंचवीस, पंधरा फेब्रुवारी. शनिवार होता. सारंग दुपारी चारला माझ्याकडे आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "काका, जरा शाळेत जाऊन येतो. त्यांच्या वेबसाइटसाठी चौदा फोटो काढायचेत आणि थोडी माहिती भरायची. राधिका नाटकाच्या तालमीला गेलीये, इराला बरोबर नेतो. सातपर्यंत परत." मी म्हटलं, ये. एवढंच काम होतं. आठ वाजता आम्ही चौघं-पाचजण मिळून हॉकर सेंटरच्या स्टॉलवर जेवायला जाणार होतो.

शाळेचं नाव मी सांगणार नाही. तिथं अजून पोरं शिकतात. इकडे सगळे तिला नुसतं 'ओल्ड इंग्लिश' म्हणतात. इंग्रजांनी काढलेली, एकशे चाळीस वर्षांची. पूर्वी शहरात होती, पुढे टेकडीवर नवी इमारत बांधून इकडे आणली. इमारत नवी, पण दोन गोष्टी जुन्याच राहिल्या. एक म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या लांबलचक व्हरांड्यात लावलेल्या चौदा हेडमास्तरांच्या तसबिरी. आणि दुसरं, चार्ज बुक.

हे चार्ज बुक नीट समजून घ्या, सगळी मेख तिथंच आहे. त्या शाळेत पहिल्या हेडमास्तरापासून एक रीत. जुना हेडमास्तर जाणार, नवा येणार, त्या दिवशी वसतिगृहातली पोरं एका रांगेत उभी करायची. जुना हातात खडू घेऊन एकेका पोराच्या खांद्यावर आकडा लिहीत जाणार. एक, दोन, तीन... म्हणजे कुणी दोनदा मोजला जायला नको आणि कुणी सुटायला नको. नवा त्याच्या मागून चालणार. शेवटच्या पोराशी पोचले की आकडा बुकात लिहायचा, पुढे नव्याचं नाव. म्हणजे इतकी पोरं मी याच्या हवाली केली. नव्याचं नाव लागल्याशिवाय जुन्यानं शाळा सोडायची नाही. काय वाट्टेल ते होवो. पुढे वसतिगृह बंद पडलं तरी आजही तिथं नवा प्रिन्सिपल आला की चार मॉनिटर उभे करतात आणि खांद्यावर खडू लावतात. पोरं हसतात. हसायचंच वय आहे.

सातवे हेडमास्तर होते लॅथमसाहेब. एकोणीसशे बेचाळीस सालचे. साल ऐकून तुम्हाला कळलंच असेल. जपानी आत घुसले होते, बॉम्ब पडत होते, आणि वसतिगृहात एकतीस पोरं अडकली होती, मलायातली, घरी जायला वाटच नव्हती. पंधरा फेब्रुवारीच्या संध्याकाळी लॅथमसाहेबांनी हजेरी घेतली. तीस भरली. एक कमी. त्यांनी बुकात लिहिलं, 'मुलं तीस. एक कमी आहे. त्याला शोधायला जातो. चार्ज दिला...' आणि पुढे जागा कोरी. कारण द्यायला माणूसच नव्हता. सव्वासहाला ते बाहेर पडले. सहा वाजून वीस मिनिटांनी इंग्रजांनी शरणागती पत्करली, त्याच वेळेचा भोंगा अजून दर वर्षी वाजवतात, आज संध्याकाळी तुम्ही ऐकला असेल. ती तीस पोरं वाचली. आचाऱ्यानं आणि माळ्यानं सांभाळली, म्हातारी होऊन मेली. पण लॅथमसाहेब परत आले नाहीत. तो एकतिसावा पोरगाही आला नाही. त्याचं नावसुद्धा आता कुणाला माहीत नाही.

हे सगळं सारंगला सांगितलं तिथल्या गार्डनं. हाशिम अंकल, मलाय माणूस, माझ्याच वयाचा. कुलूप उघडताना म्हणाला, "यू फिनिश बिफोर डार्क, ओके? टुडे फिफ्टीन." सारंगनं मान डोलावली. आपल्याकडे वॉचमन काय कमी सांगतात?

इराला व्हरांड्यातल्या बाकावर कागद आणि रंग देऊन बसवलं, आणि हा फोटो काढायला लागला. एक ते चौदा. सगळ्या तसबिरी एकाच थाटाच्या, प्रत्येक हेडमास्तराच्या हातात त्याची काहीतरी ओळख. एकाच्या हातात वेताची छडी, एकाच्या क्रिकेटचा चेंडू, एकाच्या घड्याळ. सातव्याच्या हातात खडू. बाकीचे तेरा समोर बघतात. हा एकटाच बाजूला, दाराकडे.

इरा म्हणाली, "पप्पा, व्हाय दिस सर सो सॅड?"

"झोप आली असेल त्याला," सारंग म्हणाला.

मग व्हरांड्याच्या टोकाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्यानं माहिती भरायला घेतली. नाव, कधीपासून, कधीपर्यंत, मुलं किती, चार्ज कुणाला दिला. पहिल्याच्या पानावरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या पानावरून तिसऱ्याच्या, अशी साखळी. सातवा आला. प्रिन्सिपलबाईंची स्पष्ट ईमेल होती, 'सातव्याची जागा कोरीच ठेवायची.' पण यानं स्वतःच ती जागा सक्तीची करून ठेवलेली. कोरी ठेवली की सिस्टीम लाल होते, पान उघडत नाही, आणि साखळी तिथंच तुटते. सोमवारी सकाळी नऊला दाखवायचं होतं. सगळं उलगडून परत बांधायचं म्हणजे रविवार गेला. इराला रविवारी प्राणिसंग्रहालय कबूल केलेलं.

मग त्यानं फोन केला. एका अनुभवी माणसाला विचारलं, काय करू?

...

कुणाला म्हणून काय विचारतेस, गार्गी? मलाच की. मीच तो शहाणा. मी इथं, याच खुर्चीत, टीव्हीवर क्रिकेट बघत होतो. म्हणाला, "काका, काहीतरी नाव टाकल्याशिवाय पुढंच जात नाहीये." मी म्हटलं, "अरे मग तुझंच टाक की, लेका! आम्ही शिपयार्डात टेस्टिंगला हेच करायचो. सोमवारी काढून टाक. कोण बघतंय?" तो म्हणाला, "प्रिन्सिपल कोरं ठेवा म्हणाल्यात." मी म्हटलं, "प्रिन्सिपलला काय कळतंय त्यातलं?"

असं म्हणालो मी. याच तोंडानं.

त्यानं नाव टाकलं. चार्ज दिला : सारंग. आणि सेव्हचं बटण दाबलं तोच भोंगा वाजला. सहा वीस. सारंग दचकला, मग स्वतःशीच हसला. इरानं कानात बोटं घातली. भोंगा थांबला. काही झालं नाही.

तास-सव्वा तास काहीच झालं नाही. हेच तर वाईट असतं. काही व्हायचंच तर पटकन व्हावं, माणूस सावध तरी होतो.

साडेसात वाजले, बाहेर काळोख पडला. त्या व्हरांड्यात आपोआप लागणारे दिवे आहेत. खाली माणूस आला की वरचा दिवा लागतो, माणूस गेला की विझतो. विजेची बचत. सारंगच्या टेबलावर एक दिवा होता, इराच्या बाकावर एक. मधला सगळा व्हरांडा अंधारात. हा काढलेले फोटो तपासत होता. एक, दोन, तीन... सातवा उघडला आणि त्याला वाटलं आपलं काहीतरी चुकलं. मोठा करून बघितला. हात तसाच वर धरलेला. बोटं तशीच जुळलेली.

बोटांत खडू नव्हता.

... थांबा. फोन वाजला माझा. राधिकाचा मेसेज असेल. नको, नको, रोहन, देऊ नकोस मला. पालथा ठेव तो. माझ्याच्यानं आत्ता वाचवणार नाही. आधी हे सांगून होऊ दे.

सारंगनं म्हटलं, उजेडाचा दोष. उठून प्रत्यक्ष बघावं म्हणून त्यानं मान वर केली. तर व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिन्याजवळ, एक दिवा लागला.

खाली कुणी नव्हतं.

"अंकल?" त्यानं हाक मारली. त्याला वाटलं हाशिम आला. दिवा जळतोय. आणि मग आवाज आला. टप... टप. फळ्यावर खडू टेकवल्यावर येतो तसा. अगदी हलका. मग अर्धं पाऊल सरकल्याचा आवाज. मग परत टप... टप.

दुसरा दिवा लागला. पहिला विझला.

कुणीतरी रांग मोजत येत होतं. रांग दिसत नव्हती. मोजणारा दिसत नव्हता. दिवे तेवढे पुढे सरकत होते.

सारंगनं लॅपटॉप मिटला. "इरा, चल," म्हणाला. इरा बाकावर नव्हती.

इरा भिंतीशी उभी होती. तसबिरींखाली. ताठ. हात दोन्ही बाजूंना चिकटवलेले, तोंड भिंतीकडे, वेणी एका बाजूला सारलेली, खांदा मोकळा. शाळेत रांगेत उभी राहते तशी.

"इरा!"

"श्श," ती म्हणाली. मागं न बघता. "पप्पा, डोंट टॉक लाह. सर इज काउंटिंग."

त्यानं धावत जाऊन तिला उचलायला हात घातला. बावीस किलोची पोरगी. मी तिला कडेवर घेऊन फिरलोय. ती उचलली जाईना. हलेना. जमिनीत रोवल्यासारखी. तो ओरडला, त्यानं ओढलं, तिच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ उठले, नंतर राधिकानं दाखवले मला. पण पाय सुटेनात.

टप... टप.

तिसरा दिवा. चौथा.

आणि आता आवाजही ऐकू यायला लागला. इंग्रजी. म्हाताऱ्या, दमलेल्या माणसाचा. रागाचा नव्हता. सारंग मला दहा वेळा म्हणाला, काका, तो रागाचा नव्हता हो. नुसता थकलेला. "ट्वेंटी-सिक्स..."

टप... टप.

"ट्वेंटी-सेव्हन..."

सारंगला तेव्हा कळलं. एकतीस पोरांचा हिशेब. तीस आहेत. एक कमी. चार्ज घेणारा मिळाला. आता फक्त एकतिसावं पोर हवं.

"ट्वेंटी-एट..."

इराच्या शेजारचा दिवा लागला.

"ट्वेंटी-नाइन..."

"सर, नो," सारंग म्हणाला. "सर, प्लीज. शी इज नॉट युअर्स."

मोजणारा थांबला असावा. मग...

"थर्टी."

तिच्या डोक्यावरचा दिवा भगभगला. सारंगनं काय केलं? काही सुचलं नाही त्याला. तो तिच्या पाठीशी उभा राहिला. दोन्ही हात भिंतीला टेकवले. तिला पूर्ण झाकून. स्वतःची पाठ बाहेर. डोळे गच्च मिटले. मानेवर गार श्वास आला. दमट, जुन्या कागदाचा वास. मग उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. हलकेच. अगदी काळजीनं.

टप... टप.

आकडा त्याला ऐकू आला नाही. पण इराचे पाय सुटले. ती रडायला लागली, साधं, लहान मुलासारखं, "पप्पा, आय वॉन्ट टू गो होम." दिवे एकेक करून परत जिन्याकडे विझत गेले. याच्या डोक्यावरचा तेवढा राहिला.

हाशिमनं त्यांना फाटकापाशी पाहिलं. पोर कडेवर, लॅपटॉप वरच राहिलेला, पोरगा घामानं चिंब. हाशिमनं सारंगची पाठ बघितली आणि तो एक पाऊल मागं सरला.

आठ वाजून दहा मिनिटांनी ते इथं आले. राधिका माझ्याकडेच वाट बघत बसली होती. सारंगनं धापा टाकत सगळं सांगितलं, तशी तिनं आधी इराचा फ्रॉक तपासला, मागून, पुढून. कोरा. पोरीला काही झालेलं नव्हतं. मग सारंग वळला, आणि सुलेखाच्या हातातली वाटी पडली. निळ्या शर्टावर, उजव्या खांद्यावर, पांढरा खडू. सुंदर वळणदार अक्षर. इंग्रजी आकडा. एकतीस.

शर्ट धुतला. गेला नाही. टाकून दिला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शर्टावर, त्याच जागी.

सोमवारी सारंगनं सिस्टीममधून आपलं नाव काढलं, जागा कोरी केली, शाळेचं काम सोडलं. मी म्हटलं, झालं, सुटलास. कसला सुटतोय? चार्ज एकदा घेतला तो घेतला. रोज संध्याकाळी सहा वीस झाले की हा जिथं असेल तिथं उठून उभा राहायचा आणि म्हणायचा, "प्रेझेंट, सर." ऑफिसच्या मीटिंगमध्ये. एमआरटीत, भर ट्रेनमध्ये. हॉकर सेंटरला पराठ्याच्या रांगेत. विचारलं तर त्याला आठवायचं नाही. डॉक्टर म्हणाले ताण आहे, गोळ्या दिल्या. कंपनीनं तीन महिने सांभाळून घेतलं, मग सोडून दिलं. त्याबरोबर इथं राहायचा पास गेला. जूनमध्ये तिघं पुण्याला परतली. विमानतळावर इरानं मला विचारलं, "आजोबा, पप्पा कोणाला प्रेझेंट सर म्हणतो?" मी म्हटलं, मला ऐकू येत नाही गं नीट.

हात दाखवून अवलक्षण, अशी म्हण आहे ना आपली? इथं हात माझा आणि अवलक्षण त्याचं. याची मला रोज लाज वाटते. मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पुण्यात गेल्यावर वेळ बदलली, बाकी काही नाही. इथले सहा वीस म्हणजे तिथले दुपारचे तीन पन्नास. तीन पन्नासला उभा. डिसेंबरात नवीनच सुरू झालं. नुसतं "प्रेझेंट" म्हणून थांबेना. चपला न घालता दार उघडून चालायला लागला. पहिल्यांदा सोसायटीच्या फाटकापर्यंत. राधिका धावत गेली तर म्हणाला, "सर बोलावतायत." जानेवारीत चौकापर्यंत. परवा हायवेच्या कडेला सापडला, ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून. दर वेळी थोडा पुढे. गेल्या रविवारी राधिकानं फोन केला, रडत होती. "काका, पंधरा तारखेला वर्ष होतंय. त्या दिवशी तो गेला तर परत येईल ना हो? मी त्याला कोंडून ठेवू का?"

मी म्हटलं, ठेव.

आणि आठवडाभर मला झोप नाही.

आज पंधरा फेब्रुवारी. तुम्हाला वाटतंय काकांचे गुडघे महाशिवरात्रीच्या उपासानं दुखतायत. ती टेकडी चढून आलोय मी. साडेपाचला निघालो, सुलेखाला म्हटलं फळं आणतो. हाशिम अजून तिथंच आहे. मला बघून म्हणाला, "यू द फादर?" मी म्हटलं, "नो. आय अॅम द वन हू टोल्ड हिम." त्यानं जरा वेळ बघितलं आणि कुलूप काढलं.

मी गेलो त्या व्हरांड्यात. सातव्या तसबिरीखाली उभा राहिलो. मला इंग्रजी शिपयार्डातलं येतं, हेडमास्तराशी बोलायचं येत नाही. म्हणून मराठीतच बोललो. म्हटलं, "साहेब, तुमचं पोर हरवलं, तुम्ही शोधायला गेलात, तुम्ही चांगले. पण त्या मुलानं तुमचा चार्ज घेतलेला नाही. त्याला मी घ्यायला लावला. नाव टाक म्हणणारा मी. मला मूल नाही, माझ्यामागं रडणारी एक म्हातारी आहे, ती खंबीर आहे. मोजायचंच असेल तर मला मोजा. त्याला सोडा. त्याची पोरगी सात... आता आठ वर्षांची आहे." एवढं बोलेपर्यंत भोंगा वाजला. मी तिथंच उभा राहिलो, अंधार पडेपर्यंत. माझ्या डोक्यावरचा सोडला तर दुसरे दिवे लागले नाहीत. आवाज नाही, काही नाही. मानेवर जरा गार वाटलं, पण एसीचं तोंड वरच आहे तिथं. खूप वेळ थांबून मी परत आलो, दार उघडं टाकून या खुर्चीत बसलो, तोवर तुम्ही आलात.

म्हणून तो फोन वाचायचा धीर होत नाही मला. पावणेबारा झाले. म्हणजे तिथं सव्वानऊ. एवढ्या वेळात काय व्हायचं ते होऊन गेलं असणार.

गार्गी, तू वाच. मोठ्यानं वाच. माझा चष्मा राहू दे.

...

परत वाच.

"काका, तीनपासून दाराला कुलूप घालून बसले होते. तीन पन्नास झाले. चार झाले. तो इराशी कॅरम खेळत होता. त्यानं मानसुद्धा वर केली नाही. शर्ट बघितला, खांदा कोरा आहे. संध्याकाळभर वाट पाहिली, म्हटलं खात्री करून मग कळवू. आत्ता दोघंही झोपलेत."

अरे देवा... अरे, सुटला रे! सुटला पोरगा! बघताय काय असे माझ्या तोंडाकडे? रडू द्या मला, म्हाताऱ्यानं रडू नये असा काही कायदा नाही. थांबा, आधी देवाजवळ दिवा लावतो. रोहन, हात दे रे, उठव मला. अस्सं. काडेपेटी तिकडे मागं कपाटात असेल...

...

काय झालं? गप्प का झालात सगळे?

... गार्गी?

... अमेय, मागं का सरकलास? मी एवढा म्हातारा दिसतो का मागून?

... माझ्या पाठीला काय लागलंय? भिंतीचा चुना असेल. ... हो, माहीत आहे मला, भिंतीला चुना नाही.

नको, पुसू नकोस, बाळा. ते पुसून जात नाही. आकडा वाच फक्त. ... नीट वाच. बत्तीस नाही ना? बत्तीस असेल तर सारंग अजून रांगेत आहे. जवळ येऊन बघ, घाबरू नकोस.

... एकतीस?

नक्की एकतीस?

बरं. मग झालं. ती काडेपेटी द्या मला, आणि तुम्ही खिचडी संपवा, गार होतेय.